घट

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलार आहे मी.
गोणी काट्यावर येते,
मी आकडा ओरडतो, मेहताजी लिहून घेतात.
एकवीस वर्षं हेच.
नुसती उचलून पाव किलोचा फरक सांगतो,
असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

सातव्या महिन्यात हर्षलाची जोडवी निघेनात.
साबण लावून काढली.
सासूबाई फोनवर म्हणाल्या, पायावर पाणी चढतंच.
आठवड्यात साडेचार किलो वाढली होती ती,
हे नंतर कळलं, कार्डावरून.
घरात तोलार असून
तिला काट्यावर मी उभी केली नव्हती.

मग डोकं ठणकायला लागलं,
डोळ्यांपुढं चिलटं उडतायत म्हणाली.
कोपरखैरण्याहून वाशीपर्यंत रिक्षा.
वरचा एकशेसत्तर, खालचा एकशेदहा.
डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला :
आईला झटके येऊ द्यायचे नसतील तर
बाळाला आजच बाहेर काढावं लागेल.
अठ्ठावीस आठवडे, तीन दिवस.
पेन उमटेना. शेजारच्याचं मागून सही केली.

नऊशे चाळीस ग्रॅम.
म्हणजे मोठे आठ-नऊ कांदे.
असा हिशोब मनात यायला नको होता.
आला.

तिसऱ्या दिवशी आठशे ऐंशी.
होतं असं, पहिल्या आठवड्यात उतरतं, सिस्टर लिजी म्हणाली.
घट, मी म्हणालो,
चाळीत साठवलेल्या कांद्याचीही धरतात.
ती काही बोलली नाही,
तिला लंगोटाचं वजन वजा करायचं होतं.

पाचव्या दिवशी डॉक्टर गोगरींना छातीत सरसर ऐकू आली.
पडद्यावर लाल-निळं काहीतरी उलटसुलट वाहत होतं.
पोटात असताना फुप्फुसांना काम नसतं, ते म्हणाले,
रक्ताला एक आडवाट असते.
दिवस भरून आलेलं पोर रडतं, श्वास घेतं,
दोन-तीन दिवसांत वाट मिटते.
घाईनं आलेल्यांची कधी कधी उघडीच राहते.
फुप्फुसात रक्ताचा लोंढा, बाकी अंगाला तुटवडा,
आणि हृदय दोघांचं ओढतंय.
म्हणजे गाळ्याचं शटर अर्धं राहिलंय, मी म्हणालो.
तसंच समजा.
केवढं अर्धं?
अडीच मिलिमीटर.

औषध कोणतं, तर पॅरासिटामॉल.
आमचे माथाडी चहाबरोबर गिळतात तेच,
इथं शिरेतून, थेंब मोजून.
तीन दिवस दिलं. शटर हललं नाही.
पुन्हा तीन दिवस.
नाहीच मिटलं तर मुंबईला नेऊन बांधावी लागेल ती नळी.

हर्षला वरच्या मजल्यावर, तिचंही बीपी उतरेना.
दर तीन तासांनी दूध काढायची,
सिरिंजमध्ये पाच मिली.
ते घेऊन दोन जिने उतरायचो मी,
इतका जपून आयुष्यात चाललो नव्हतो.

एका दुपारी सिस्टरनं शर्ट काढायला लावला
आणि नळ्यांसकट तिला माझ्या छातीवर ठेवलं.
काही जाणवेचना. वजनच नव्हतं.
मग जाणवलं, कातडीला आतून कुणी टिचक्या मारतंय,
मिनिटाला एकशेसाठ.
काटा थरथरत असतो तेव्हा आकडा ओरडायचा नसतो.
थांबायचं असतं.
मी दीड तास थांबलो.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला.
मला त्यातलं काही कळलं नाही.
त्यांचा चेहरा कळला.

आता ती सव्वा वर्षाची आहे.
डॉक्टर म्हणाले, लवकर आलेल्यांच्या हृदयाची घडण
जरा वेगळी असू शकते, मोठेपणीही बीपी बघत राहा.
आईचंही बघा, तिचं तर आत्तापासून.
म्हणून मशीन आणलंय.
रविवारी हर्षला हात पुढे करते,
मी आकडा वहीत लिहितो.
मग ही आपला हात पुढे करते.
पट्ट्याचे दोन वेढे बसतात, तरी ढिला.
हवा मी भरत नाही.
नुसता तोंडाला येईल तो आकडा ओरडतो,
मार्केटात ओरडतो तसा,
आणि ती दुसराही हात पुढे करते.